लीलंड कुबिचेकची चौथी संधी

लीलंड कुबिचेक घराबाहेर पडताना छत्री घेऊन पडायचा. नेब्रास्कातला वारा असा की उघडलेली छत्री शेजारच्या काउंटीत जाऊन शोधावी लागते, पण म्हणून छत्री घरी ठेवायची हे त्याला पटत नसे. "असू दे बरोबर," म्हणायचा. छत्री त्याने कधी उघडली नव्हती. पण ती घरी राहिली आणि पाऊस आला असंही कधी झालं नव्हतं, आणि एवढ्यावर स्वतःच्या शहाणपणावर त्याची पक्की श्रद्धा बसली होती.

हॅवलिन गावच्या शाळेत त्याच्याकडे दोन कामं होती. दिवसा पोरांना गाडी चालवायला शिकवायची आणि दुपारनंतर फुटबॉल. गाडी शिकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. धान्याच्या कोठारासमोरच्या चौकात थांबण्याची लाल पाटी आहे. मक्याची कापणी झाली की तिथून चारही दिशांना पुढच्या गावापर्यंत स्वच्छ दिसतं आणि त्या स्वच्छ दिसण्यात एखादी गाय असली तर असते. तरी लीलंड तिथे पूर्ण थांबे, डावीकडे बघे, उजवीकडे बघे, पुन्हा डावीकडे बघे आणि मग गाडी अशी हलवी की मागच्या सीटवरच्या माणसाला निघाल्याचं कळत नसे. अर्धं गाव त्याच्या हाताखाली शिकलेलं. त्यामुळे हॅवलिनमध्ये अपघात होत नसत आणि कुणी कुठे वेळेवरही पोचत नसे.

फुटबॉलचं मात्र तसं नसतं. इकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा असतो. तुमच्याकडे चेंडू आला की चार संधी मिळतात, आणि चार मिळून दहा यार्ड पुढे सरकलात की नव्या चार. तीन संधी संपल्या, अंतर उरलं, की चौथ्या वेळी दोन वाटा फुटतात. एक म्हणजे छाती पुढे काढून उरलेलं अंतर तोडायला जायचं. जमलं तर राज्य आपलं, फसलं तर चेंडू तिथल्या तिथे समोरच्यांच्या हातात. दुसरी वाट म्हणजे चेंडूला सणसणीत लाथ घालून तो लांब धाडायचा, 'या आता एवढ्या लांबून' म्हणायचं आणि आपल्या बचाव फळीवर भरवसा ठेवायचा. लीलंड सव्वीस हंगाम लाथ घालत आला होता. उरलेलं अंतर गाडीभर असो की बोटभर, मॅच सुरू झालेली असो की संपत आलेली, लाथ. विशेषतः संपत आलेली असताना आणि आपण पुढे असताना तर लाथच.

यात वावगं काही नाही. मोठमोठे कोच हेच करतात. फक्त त्यासाठी बचाव फळी असावी लागते.

हॅवलिनची बचाव फळी जीन रासमुसेनच्या ताब्यात होती. जीन हा लीलंडच्या बायकोचा, आर्लिसचा, धाकटा भाऊ. मेहुण्याला काढून टाकायचं तर नाताळचं जेवण कुठे जेवायचं हा प्रश्न होता, म्हणून जीन होता. त्याचं एक तत्त्व होतं आणि ते तो हात पसरून सांगायचा: "वाकायचं, पण मोडायचं नाही." त्याची पोरं वाकायची. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकत जायची. आणि मोडायची वेळ येईपर्यंत समोरच्यांचे गुण लागलेले असायचे, त्यामुळे जीनच्या तत्त्वाला धक्का असा कधी बसला नाही.

गाव इतकं लहान की अकरा पोरं उभी करता येत नाहीत. त्या भागातल्या शाळा आठ-आठांचाच खेळ खेळतात. त्या आठांत सगळ्यात मागे, शेवटची भिंत म्हणून, एव्हरेट नावाचा पोरगा असे. उंच, रुंद, गव्हाच्या पोत्यासारखा भरीव. कुणाला आडवं केलंच तर आधी "सॉरी" म्हणायचा, मग हात देऊन उठवायचा आणि गुडघ्यावरची माती झटकून द्यायचा. त्याच्या आईला लोक थांबवून सांगत, पोराला वळण छान लावलंयस. गुण किती गेले ते कुणी तिला सांगत नसे.

या सगळ्याची गावाला इतकी सवय झाली होती की चौथी संधी आली की प्रेक्षक उठत. आता लीलंड लाथ घालणार, चेंडू जाणार, मधे दोन-तीन मिनिटं बघण्यासारखं काही नाही. तेवढ्यात शाळेच्या खाऊच्या खिडकीवरून पेलाभर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल घेऊन यायचा. बायका रांग लावत, म्हातारे पाय मोकळे करत, आणि बाहेरगावचे पाहुणे विचारत, "मध्यांतर झालं का?" आर्लिस तर लाल कोट घालून रांगेत सगळ्यात आधी. तिच्या नवऱ्यावर तिच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता.

आणि हरल्यावर व्हायचं ते, गेली अकरा वर्षं, पाटीचं प्रकरण.

आर्लिस घरं विकायचा व्यवसाय करायची. 'घर विकणे आहे' अशा तिच्या पाट्या होत्या, तिचा हसरा फोटो आणि फोन नंबर असलेल्या, लोखंडी पायांच्या. टीम मोठी मॅच हरली की लीलंड शाळेत थांबून पोरांचे मळके शर्ट मशीनला लावायचा, आणि घरी यावं तर अंगणात बायकोचा हसरा फोटो. घर विकणे आहे. म्हणजे कोच, चालता हो. दुसऱ्या गावांतही कोचच्या अंगणात लोक अशा पाट्या ठोकतात, पण खुद्द कोचच्या बायकोचीच पाटी ठोकणं हा हॅवलिनचा खास विनोद मानला जायचा. लीलंड ती उपटायचा, रुमालाने पुसायचा, आर्लिसच्या गाडीच्या डिकीत नीट ठेवायचा आणि आत जाऊन गावाच्या वतीने तिची माफी मागायचा.

"लोकांचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणायचा.

"मी कुठे घेतेय," ती म्हणायची.

पाटी कुणी लावली याची चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेराच्या हॉटेलात. तिथल्या मधल्या टेबलावर रोजचीच मंडळी. टेबलाचा राजा ड्वेन फोगल, पिकांचा विमा विकायचा आणि शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष होता. जर्दाळू भरलेला गोड पाव, इकडचा कोलाच, तोंडात आणि मिठाच्या-मिऱ्याच्या बाटल्या हातात घेऊन तो रात्रीची मॅच टेबलावर पुन्हा खेळायचा. पाटीचा विषय निघाला की मंडळी एकमेकांकडे बघून डोळे बारीक करत. ड्वेन कॉफीत बघून हसे. शेजारी बसणारा शेतकरी लॅरी छताकडे बघे. 'मी नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही' असा एकूण थाट. हिंमत पाहिजे अशा कामाला, असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे विनयाने माना खाली घालायचे.

"भित्रा आहे तो," ड्वेन मिठाची बाटली पुढे सरकवत म्हणायचा. "अर्धा यार्ड. अर्धा. माझी आई गेली असती कुबड्या घेऊन."

"जायला छाती लागते," लॅरी म्हणायचा.

आता ही छातीची माणसं कोण, तेही बघा. ड्वेनने स्वतःच्या मक्याचा विमा दोन ठिकाणी काढला होता. लॅरी मे महिन्यापर्यंत बियाणं जमिनीत घालत नसे, कारण त्याच्या आजोबांच्या काळात एकदा एप्रिलात बर्फ पडला होता. गावाच्या सभेत पोहण्याचा तलाव, नवा दिवा, वाचनालयाला दुसरी खिडकी, काहीही आलं की सगळे हात 'नको'च्या बाजूने वर जात. व्हेराने एकदा पाटीवर नवीन सूप लिहिलं तर ते कुणी मागवलं नाही, आधी दुसऱ्या कुणीतरी खाऊन बघावं म्हणून. पण शुक्रवार आला की या सगळ्यांना शौर्य चढायचं. चौथी संधी दुसऱ्याची असली की माणूस फार शूर असतो.

लीलंडला हे कळत नव्हतं असं नाही. पण उलटून बोलायचं तर त्यात धोका होता.

आर्लिसचं म्हणणं वेगळंच होतं. मुलगी जोलीन बारा वर्षांपूर्वी लग्न करून कोलोरॅडोत गेली, पुढे तिला मुलगा झाला, तो चालायला लागला, बोलायला लागला आणि आता फोनवर "आजोबा, तुम्ही राहता कुठे?" असं विचारायला लागला. जोलीन गेल्यापासूनच आर्लिसला तिकडे जायचं होतं. घर विकून, कायमचं. तिने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लीलंड म्हणाला, "हंगाम संपू दे." हंगाम संपला तेव्हा म्हणाला, "वसंतात बघू." वसंतात म्हणाला, "या वर्षीची पोरं जरा बरी वाटताहेत." तिने भांडण केलं नाही. लग्नाचंही तिनेच विचारलं होतं. तो बोलेल म्हणून वाट बघता बघता तिची धाकटी बहीण उजवली होती.

त्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या मॅचला समोर टॅलमन होतं. टॅलमन शेजारचं गाव, अकरा वर्षं हॅवलिनला हरवत आलेलं. आठवडाभर आधी ड्वेन शाळेच्या पार्किंगमध्ये लीलंडला गाठून म्हणाला, "मॅचनंतरच्या सोमवारी बोर्डाची बैठक आहे. स्पष्ट सांगतो. टॅलमनला हरवलंस तर तीन वर्षांचा नवा करार. नाही हरवलंस तर, लीलंड, लोक काय म्हणताहेत ते तू ऐकतोसच."

लीलंडने घरी येऊन हे सांगितलं. आर्लिस भांडी पुसत होती.

"म्हणजे जिंकलास तर आणखी तीन वर्षं," ती म्हणाली.

"आणि हरलो तर हाकलतील."

"तुला काय हवंय?"

लीलंडने विचार केला. "मॅच होऊ दे," म्हणाला. आर्लिस पुढची बशी पुसायला लागली.

शुक्रवारी अख्खं गाव मैदानावर. वारा उत्तरेचा, बोचरा. पोरं नेहमीप्रमाणे खेळली, म्हणजे गुण मिळवले आणि वाटून टाकले. एव्हरेटने तीन जणांना हात देऊन उठवलं, त्यातले दोघे त्याला ओलांडून गुण लावून आले होते. पण ब्रॉडी नावाचा हॅवलिनचा धावणारा पोरगा त्या दिवशी कुणाला आवरत नव्हता, आणि शेवटचं दीड मिनिट उरलं तेव्हा हॅवलिन चार गुणांनी पुढे होतं. चेंडू हॅवलिनकडे. मैदानाच्या मध्यावर. तीन संधी संपल्या होत्या आणि उरलं होतं ते अर्धा यार्ड.

हिशोब लहान पोरालाही कळण्यासारखा होता. अर्धा यार्ड तोडला की मॅच संपली. नंतर नुसतं चेंडू घेऊन गुडघे टेकायचे आणि घड्याळ पळू द्यायचं. लाथ घातली तर टॅलमनला लांबून यावं लागणार, पण मधे जीनची पोरं वाकायला उभीच.

"लाथ घाल," जीन कानाशी म्हणाला. "माझी पोरं सांभाळतील."

"जीन, माझ्याकडे बघून म्हण."

जीन बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

लीलंडने लाथ मारणाऱ्या पोराला बोलावण्यासाठी हात वर केला. सवयीने. आणि सवयीनेच एकदा मागे प्रेक्षकांकडे पाहिलं. गाव उठलं होतं. टॅलमन अकरा वर्षांनी हरायला आलं होतं, आयुष्यभर लक्षात राहावा असा क्षण होता, आणि हॅवलिनची माणसं पाठ करून पायऱ्या उतरत होती, मोजे सारखे करत, पाकिटं चाचपत, चिलीच्या रांगेकडे. ड्वेन तर पोचलाही होता. आणि रांगेत पहिल्या नंबरावर लाल कोट होता. आर्लिसची पाठ. ती खिडकीतल्या बाईशी काहीतरी हसून बोलत होती.

लीलंडला राग आला. त्याला फार क्वचित यायचा आणि आला की तो आधी खात्री करून घ्यायचा की राग येण्यासारखंच आहे. या वेळी खात्री करायला वेळ नव्हता. आपण काय करणार हे माहीत असलेली एवढी माणसं एकाच वेळी आपल्याकडे पाठ करून उभी आहेत, हे त्याला सहन झालं नाही. त्याने वर केलेला हात खाली घेतला.

"ब्रॉडी," तो म्हणाला. "जा."

"कुठे, कोच?" ब्रॉडीने खरंच विचारलं.

"पुढे."

ब्रॉडी गेला. माणसांचा ढीग पडला, शिट्टी वाजली, आणि ढिगातून एकेक जण उचलून काढल्यावर चेंडू कुठे आहे ते कुणाला नक्की सांगता येईना. मग दहा यार्ड मोजायची साखळी आली. मैदानाच्या कडेला ती धरून उभी राहणारी दोन म्हातारी माणसं टेचात आत आली, साखळी ताणली, पंच गुडघ्यावर बसला. तोवर गावाला पत्ता लागला होता की काहीतरी भलतंच घडलंय. हातातले पेले सांडत लोक परत धावले. आर्लिस दोन्ही हातांत चिली घेऊन कठड्याशी उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "काय झालं? लाथ नाही घातली?"

"तुझा नवरा गेला की गं पुढे."

"कोण?" आर्लिस म्हणाली.

साखळीपासून चेंडू मूठभर कमी पडला.

आता चेंडू टॅलमनकडे, मैदानाच्या मध्यावर. आणि काय सांगावं, जीनची पोरं थांबली. पहिल्या संधीला थांबली, दुसरीला थांबली, तिसरीला तर टॅलमनच्या पोराला मागे ढकलून आली. जीन स्वतः इतका चकित झाला की टोपी काढून उभा राहिला. टॅलमनची चौथी संधी आली. त्यांना लाथ घालून चालणार नव्हतं, जावंच लागणार होतं. त्यांचा पोरगा निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि शेवटी राहिला एव्हरेट. एव्हरेटने त्याला धरलं. शर्टाला घट्ट धरलं, सगळ्यांनी पाहिलं, आणि मग सोडून दिलं.

पोरगा गुण लावून आला. हॅवलिन हरलं.

"का सोडलंस रे?" लीलंडने विचारलं, आणि विचारताना तो ओरडला नाही.

एव्हरेटच्या डोळ्यांत पाणी होतं. "शर्ट फाटत होता, कोच."

लीलंडने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आईला माझा नमस्कार सांग."

शाळेत थांबून त्याने शर्ट धुतले, वाळत टाकले, दिवे बंद केले, बंद झाल्याची खात्री केली. गाडीतून घराकडे येताना तो मनाने तयार होता. आजची पाटी मोठी असणार, कदाचित दोन असतील. घर आलं. अंगणात काही नव्हतं. गाडीचे दिवे त्याने गवतावरून फिरवून पाहिले. नुसतं गवत. आर्लिस झोपली होती.

सकाळीही पाटी नव्हती. हे त्याला पराभवापेक्षा जास्त लागलं. गावाने चिडायचंही सोडून दिलं की काय? तो छत्री घेऊन व्हेराच्या हॉटेलात गेला.

मधलं टेबल भरलेलं होतं. मिठाची बाटली मैदानाच्या मध्यावर उभी होती आणि ड्वेन तिच्याकडे बोट दाखवून बोलत होता. लीलंडला पाहून थांबला नाही.

"ये, बस. मी हेच सांगतोय. तिथे लाथ घालतात. शाळेतलं पोर सांगेल. पुढे आहोत, दीड मिनिट राहिलंय, चेंडू लांब पाठवायचा आणि त्यांना यायला लावायचं. जगात कुठलाही शहाणा कोच हेच करतो."

"सव्वीस वर्षं तुम्ही उलटं सांगत होतात," लीलंड म्हणाला.

"ते निराळं. तेव्हा तू लाथ घालत होतास."

"जुगार झाला हा," लॅरी म्हणाला. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, लीलंड. तू सांभाळून चालणारा माणूस."

"आम्ही तर रांगेत होतो," तिसरा म्हणाला. "निदान सांगायचंस तरी."

लीलंडने कॉफी घेतली. खसखशीचा कोलाच घेतला. मग म्हणाला, "हे सगळं ठीक. पण पाटी का नाही लावलीत?"

ड्वेनने मिठाची बाटली उचलून मिऱ्याच्या बाटलीशेजारी ठेवली.

"नाही, रागाने विचारत नाही. रीत आहे ती आपली. अकरा वर्षं चुकली नाही. काल कुणाची पाळी होती?"

ड्वेनने लॅरीकडे पाहिलं. लॅरीने ड्वेनकडे. "तू लावतोस ना?" ड्वेन म्हणाला.

"मी? छे. दुसऱ्याच्या अंगणात शिरायचं? पाय मोडला, काही झालं म्हणजे? मला वाटायचं तू."

"मी बोर्डाचा अध्यक्ष आहे, लॅरी. मी असलं करीन?"

दोघांनी तिसऱ्याकडे पाहिलं. तिसऱ्याने कोलाचच्या ताटलीकडे. व्हेरा कॉफी ओतता ओतता म्हणाली, "म्हणजे अकरा वर्षं तुमच्यातल्या एकानेही लावली नाही? आणि मी समजत होते, एवढी तरी धमक आहे मेल्यांच्यात."

ड्वेनने घसा साफ करून विषय बदलला. "हे बघ, लीलंड, बोर्डाशी बोललो सकाळी. तुला काढायचं म्हणजे नवा माणूस आणा, तो कसा निघेल कुणास ठाऊक. ठेवायचं म्हणजे लोक ओरडतील. तेव्हा असं ठरलंय की सोमवारी काही ठरवायचं नाही. वसंतात बघू. तोवर तू आहेसच. आणि वसंतात तरी काय घाई आहे म्हणा."

म्हणजे बोर्डाने चेंडूला लाथ घातली होती. लीलंडला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहिलं तरी आणखी एक हंगाम आपोआप त्याच्या पदरात येत होता, आणि त्यानंतर बहुधा आणखी एक. त्याने आभार मानले. आणि कोलाचचा शेवटचा तुकडा खाताना त्याला त्या पाटीची आठवण आली. दर वेळी धुतलेली, दर वेळी सरळ, रस्त्यावरून दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी वळवलेली. दोन्ही पाय जमिनीत सारखे गेलेले. रागाच्या भरात कुणी इतकी नीट पाटी ठोकत नाही. रोज पाट्या ठोकणारं माणूसच ठोकतं.

तो उठला. छत्री खुर्चीला अडकवलेली तिथेच राहिली. धान्याच्या कोठारासमोरच्या चौकात लाल पाटी आली आणि गेली, आणि तिच्यावरून आपण न थांबता पुढे आलो हे त्याला पुढचं वळण घेतल्यावर कळलं.

आर्लिस अंगणात पानं गोळा करत होती.

"पाटी तू लावत होतीस," लीलंड म्हणाला.

तिने खराटा झाडाला टेकवून ठेवला. "हो."

"अकरा वर्षं?"

"मला वाटायचं, एक दिवस तू ती बघशील आणि म्हणशील, बरं, विकू या. तू दर वेळी पुसून परत डिकीत ठेवायचास. आणि वर माझी माफी मागायचास." तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही तिने होऊ दिलं. "मग सवयच झाली. एवढं एक होतं की निदान मी तरी विचारतेय."

"मग काल का नाही लावलीस?"

"काल तू पुढे गेलास म्हणाले लोक. म्हटलं, आज कशी लावू." तिने हातमोज्याला चिकटलेलं पान काढून टाकलं. "मी बघितलंच नाही रे. सव्वीस वर्षं त्या थंडीत बसले, आणि नेमकी तेव्हा रांगेत होते."

लीलंडने ड्वेनचं म्हणणं तिला सांगितलं. वसंतात बघू, तोवर तू आहेसच. ती ऐकून घेऊन म्हणाली, "छान," आणि खराटा उचलला. तो 'छान' शब्द त्याने तिच्या तोंडून पुष्कळदा ऐकला होता, पण कधी ऐकला नव्हता असा त्याला तो आता ऐकू आला.

तो तिच्या गाडीकडे गेला, डिकी उघडली, पाटी काढली. गॅरेजमधून हातोडा आणला. अंगणाच्या मधोमध आला आणि पाटी जमिनीवर टेकवून हातोडा उचलला.

"थांब," आर्लिस म्हणाली.

लीलंड हातोडा वर धरून थांबला. ती पानांच्या ढिगाला वळसा घालून पुढे आली, हातमोजे काढले, कोटाच्या खिशात घातले आणि त्याच्यासमोर नीट उभी राहिली.

"आता मार," ती म्हणाली. "मला बघायचंय."

त्याने मारला. एक पाय दगडाला लागून आत जाईना, त्यावर आणखी दोन घातले. तेवढ्यात ड्वेनची गाडी रस्त्याने आली, मंद झाली, आणि काच खाली करून ड्वेन बाहेर डोकावला. सीटवर लीलंडची छत्री होती, ती द्यायला आला होता.

"कोणी केलं रे हे?" तो पाटीकडे बघून म्हणाला. "हरलो हे खरं, पण हे शोभत नाही."

"मी केलं."

ड्वेनने पाटीकडे, मग हातोड्याकडे, मग आर्लिसकडे पाहिलं. "पण मी म्हटलं ना, वसंतात बघू," तो म्हणाला. "आत्ता कुठे हिवाळ्याच्या तोंडावर घर विकतात? आणि पोरांना गाडी कोण शिकवणार?"

लीलंडने खांदे उडवले. ड्वेनने छत्री खिडकीतून पुढे केली, आणि ती घ्यायला कुणी आलं नाही तशी परत आत घेतली.

गाडी गेल्यावर आर्लिस दोन पावलं मागे सरली आणि मान कलती करून धंद्याच्या नजरेने पाटी बघू लागली.

"डावीकडे कललीय," ती म्हणाली.

"राहू दे," लीलंड म्हणाला, आणि हातोडा ठेवायला गॅरेजकडे गेला.